पॉलिट ब्यूरो

पॉलिट ब्यूरो : साम्यवादी पक्षाची सर्वोच्च कार्यकारी समिती. ‘राजकीय कार्यमंडळ’ या अर्थाच्या रशियन शब्दसमूहाचे हे संक्षिप्त रूप होय. पक्षाचे महाधिवेशन मध्यवर्ती समिती निवडते व मध्यवर्ती समिती आपल्या सदस्यांमधून पॉलिट ब्यूरो निवडते. मध्यवर्ती समितीच्या दोन बैठकींमधील काळात पक्षाच्या वतीने राजकीय निर्णय घेणे, हे या मंडळाचे काम होय. पक्षघटनेनुसार ते मध्यवर्ती समितीला जबाबदार असते. व्यवहारात मात्र अनेकदा मध्यवर्ती समितीच त्याच्या अनुरोधाने चालत आली आहे. मूळ जबाबदारी आणि प्रत्यक्ष सत्ता यांमधील या अंतराचा इतिहास म्हणजेच बहुतांशी पॉलिट ब्यूरोचा इतिहास होय. भारतीय साम्यवादी पक्षात या मंडळाची जडणघडण प्रामुख्याने मुंबईत झाली व तीत मराठी नेत्यांचा वाटा मोठा होता. तेथे घेतलेल्या निर्णयांचे परिणाम कोल्हापूरसारख्या दूरच्या जिल्ह्यांतील चळवळींनाही भोगावे लागले.

उगम : रशियातील बोल्शेव्हिक पक्षाच्या मध्यवर्ती समितीने ऑक्टोबर १९१७ मध्ये सशस्त्र उठावाचा निर्णय घेतला, त्याच बैठकीत सात जणांचे एक राजकीय मंडळ नेमले. त्यात लेनिन, ट्रॉट्स्की, स्टालिन, झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह, सोकोलनिकोव्ह व बुबनोव्ह यांचा समावेश होता. हे मंडळ तात्पुरते होते व त्याच्या हातून फारसे कामही झाले नाही. स्थायी स्वरूपाचे मंडळ मार्च १९१९ मधील आठव्या महाधिवेशनाच्या निर्णयाने स्थापन झाले. लेनिन, ट्रॉट्स्की, स्टालिन, कामेनेव्ह व क्रेस्टिन्स्की हे त्याचे पाच पूर्ण सदस्य होते आणि झिनोव्हिएव्ह, बुखारिन व कालिनिन हे तीन उमेदवार सदस्य होते. उमेदवार सदस्यांना बैठकीत भाग घेता येई. मताधिकार मात्र नसे.

यादवी युद्धाच्या काळात मोठ्या मध्यवर्ती समितीला वारंवार एकत्र येणे शक्य नव्हते व तातडीचे निर्णय तर रोज घ्यावे लागत, हे या स्थायी मंडळाच्या स्थापनेचे तात्कालिक कारण होय. त्याच वेळी संघटना मंडळ व सचिवालय अशी आणखी दोन अंगे निर्माण करण्यात आली. पॉलिट ब्यूरोने धोरण ठरवावे, संघटना मंडळाने कार्यकर्त्यांची नेमणूक करावी आणि सचिवालयाने दैनंदिन कामकाज पाहावे, अशी ही विभागणी होती. परंतु कोणत्या जागी कोणाला नेमावयाचे हा प्रश्न शुद्ध संघटनात्मक कधीच नसतो. एप्रिल १९२२ मध्ये स्टालिन सरचिटणीस झाले. तिन्ही अंगांचे सदस्यत्व असल्यामुळे प्रांतोप्रांतीच्या नेमणुकांवर त्यांना प्रभाव टाकता आला. असे नेमलेले सचिव महाधिवेशनाचे प्रतिनिधी ठरवीत, प्रतिनिधी मध्यवर्ती समिती निवडीत आणि ही समिती पुन्हा पॉलिट ब्यूरो निवडी. अशा रीतीने सत्तेचे वर्तुळ पुरे झाले. मार्च १९२१ मधील दहाव्या महाधिवेशनाने पक्षांतर्गत गटांवर बंदी घातली होती. त्यामुळे या वर्तुळाबाहेर राहून संघटित विरोध करण्याचा मार्गही बंद झाला.

या प्रक्रियेचा शेवट विदारक झाला. १९१७ च्या सात जणांपैकी लेनिन व स्टालिन वगळता उरलेल्या पाचही जणांना अनैसर्गिक मृत्यू आला. झिनोव्हिएव्ह व कामेनेव्ह यांना १९३६ मध्ये आणि बुबनोव्ह यांना १९३८ मध्ये देहदंड देण्यात आला. सोकोलनिकोव्ह १९३९ मध्ये तुरुंगात मारले गेले व १९४० मध्ये मेक्सिकोत ट्रॉट्स्की यांची हत्या झाली. १९३९ नंतर पुढील महाधिवेशन १९५२ पर्यंत भरलेच नाही. ज्या सभेपासून पॉलिट ब्यूरोला अधिकार मिळत, ती सभाच तेरा वर्षे न भरल्याने जबाबदारीचे तत्त्व केवळ कागदावर उरले.

१९५२ मध्ये पॉलिट ब्यूरोऐवजी पंचवीस सदस्यांचे ‘प्रिसिडियम’ आले. स्टालिन यांच्या मृत्यूनंतर (मार्च १९५३) त्याची सदस्यसंख्या दहावर आणण्यात आली. १९६६ मध्ये जुने नाव पुन्हा स्वीकारण्यात आले. या दरम्यानच्या दोन घटना रचनेच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. जून १९५७ मध्ये प्रिसिडियममधील बहुमत निकिता ख्रुश्चॉव्ह यांच्या विरोधात गेले. तथापि त्यांनी हा वाद मध्यवर्ती समितीपुढे नेला व समितीने मालेंकोव्ह, मोलोटोव्ह आणि कागानोविच यांनाच पदच्युत केले. ऑक्टोबर १९६४ मध्ये मात्र प्रिसिडियम व मध्यवर्ती समिती या दोन्ही एक झाल्या आणि ख्रुश्चॉव्ह यांना पायउतार व्हावे लागले. वरचे मंडळ दुभंगले म्हणजे खालच्या समितीचे घटनादत्त अधिकार जागे होतात, असे या दोन घटनांवरून दिसते. सोव्हिएट संघातील पक्षाबरोबर ही संस्था १९९१ मध्ये संपुष्टात आली. चीन, व्हिएटनाम, क्यूबा व लाओस या देशांतील सत्ताधारी पक्षांत ती टिकून राहिली. चीनमध्ये पॉलिट ब्यूरोतूनही आणखी लहान स्थायी समिती निवडली जाते. २०२२ च्या विसाव्या महाधिवेशनानंतर तेथील पॉलिट ब्यूरोत २४ व स्थायी समितीत ७ सदस्य होते.

रचना व तत्त्व : साम्यवादी पक्षाची संघटना ‘लोकशाही केंद्रवाद’ या तत्त्वावर उभी असते. खालच्या समित्या वरच्या समित्यांची निवड करतात. निर्णयापूर्वी मुक्त चर्चा करता येते. निर्णय झाल्यावर अल्पमताने बहुमताचा व खालच्या समितीने वरच्या समितीचा निर्णय पाळावयाचा असतो. वरच्या समितीने आपल्या कामाचा अहवाल खालच्या समित्यांना देणे, ही या तत्त्वाची दुसरी बाजू होय. शाखा, तालुका किंवा स्थानिक समिती, जिल्हा समिती, राज्य समिती, मध्यवर्ती समिती आणि पॉलिट ब्यूरो अशी ही उतरंड असते. सर्वोच्च अधिकार मात्र पॉलिट ब्यूरोकडे नसून, सामान्यतः तीन वर्षांनी भरणाऱ्या महाधिवेशनाकडे असतो.

भारताचा कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी) या पक्षाच्या घटनेनुसार मावळती मध्यवर्ती समिती नव्या समितीच्या सदस्यांची नामिका महाधिवेशनापुढे ठेवते. प्रतिनिधींना तीत आक्षेप घेता येतो व नवी नावे सुचविता येतात; स्पर्धा झाल्यास गुप्त मतदान घेतले जाते. निवडून आलेली मध्यवर्ती समिती सरचिटणीस व पॉलिट ब्यूरो यांची निवड करते. पॉलिट ब्यूरोने घेतलेल्या निर्णयांचा अहवाल तिला मध्यवर्ती समितीच्या पुढील बैठकीत सादर करावा लागतो. सरचिटणीसाने लागोपाठ तीनहून अधिक पूर्ण मुदती पदावर राहू नये, असे बंधन २०१२ मध्ये घालण्यात आले. नामिकेची पद्धत अनुभवी कार्यकर्त्यांची फळी टिकविते, असे तिचे समर्थक म्हणतात. मावळत्या नेतृत्वाला आपले वारस स्वतःच ठरविता येतात, असा तिच्यावरील आक्षेप आहे.

भारतातील प्रारंभ व मुंबईचा काळ : डिसेंबर १९२५ मध्ये कानपूर येथे भरलेल्या परिषदेत भारतीय साम्यवादी पक्षाची केंद्रीय कार्यकारिणी निवडण्यात आली. सच्चिदानंद विष्णू घाटे हे तिच्या दोन चिटणीसांपैकी एक होते. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यात घाटे, श्रीपाद अमृत डांगे, शां. सा. मिरजकर, गंगाधर अधिकारी प्रभृतींना अटक झाल्याने हे मध्यवर्ती केंद्र मोडून पडले. डिसेंबर १९३३ मध्ये कलकत्ता येथे त्याची पुनर्घटना झाली व डॉ. अधिकारी चिटणीस झाले. मूळचे पनवेलचे असलेले अधिकारी यांनी बर्लिन येथे रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविली होती. १९३४ मध्ये पक्षावर बंदी आल्याने पुढील आठ वर्षे त्याचे मध्यवर्ती मंडळ भूमिगत राहूनच काम करीत होते. निवडणुकीऐवजी नेमणूक व सहयोजन यांवर भर देण्याची सवय या काळात पक्षाला जडली.

जुलै १९४२ मध्ये बंदी उठली. मे–जून १९४३ मध्ये पक्षाचे पहिले महाधिवेशन मुंबईत भरले. त्यानंतर निवडलेल्या पॉलिट ब्यूरोत पूरणचंद जोशी (सरचिटणीस), गंगाधर अधिकारी व भालचंद्र त्रिंबक रणदिवे असे तीनच सदस्य होते. त्यांपैकी दोघे मराठी होते आणि पक्षाचे मुख्य कार्यालयही मुंबईतच होते.

लोकयुद्धाचे धोरण व दक्षिण महाराष्ट्र : जर्मनीने सोव्हिएट संघावर आक्रमण केल्यावर डिसेंबर १९४१ मध्ये पॉलिट ब्यूरोने महायुद्धाला ‘लोकयुद्ध’ ठरविले व युद्धप्रयत्नांना साहाय्य करण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे ऑगस्ट १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनापासून पक्ष अलिप्त राहिला. त्या वेळी दक्षिण महाराष्ट्रात हे आंदोलन ऐन भरात होते. कोल्हापूर संस्थानातील गारगोटी येथील सरकारी कचेरीवर डिसेंबर १९४२ मध्ये झालेल्या हल्ल्यात सात क्रांतिकारक हुतात्मे झाले. लगतच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. ग्रामीण तरुणांचा हा जहाल वर्ग साम्यवादी पक्षाला जवळचा वाटावयास हवा होता. परंतु भूमिगत अवस्थेत थोड्या व्यक्तींनी घेतलेल्या या निर्णयामुळे तो दुरावला.

या वर्गातील मोठा भाग पुढे शेतकरी कामगार पक्षाकडे वळला. काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे, नाना पाटील इत्यादींनी स्थापिलेल्या या पक्षात कोल्हापूरच्या प्रजापरिषदेचे नेते माधवराव बागल हेही होते. १९५० च्या दाभाडी येथील अधिवेशनात या पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवादाचा स्वीकार केला. त्याच्या रचनेतही साम्यवादी पक्षाचा ठसा आहे. अध्यक्षपदाऐवजी सरचिटणीसपद हे त्याचे प्रमुख पद असून, मध्यवर्ती समिती व चिटणीस मंडळ ही त्याची कार्यकारी अंगे होत. नाना पाटील पुढे साम्यवादी पक्षात गेले व १९५७ आणि १९६७ मध्ये त्या पक्षातर्फे लोकसभेवर निवडून आले. १९४२ मध्ये तुटलेला धागा काही अंशी जुळण्यास असा पंधरा वर्षांचा काळ जावा लागला.

रणदिवे काळ : फेब्रुवारी–मार्च १९४८ मध्ये कलकत्ता येथे भरलेल्या दुसऱ्या महाधिवेशनात जोशी यांचे धोरण सुधारणावादी ठरवून फेटाळण्यात आले व रणदिवे सरचिटणीस झाले. पॉलिट ब्यूरोची सदस्यसंख्या नऊ झाली. मावळत्या सरचिटणीसाला मध्यवर्ती समितीतही जागा मिळाली नाही. शहरी कामगारांच्या सार्वत्रिक संपातून देशव्यापी उठाव होईल, या अपेक्षेने ९ मार्च १९४९ रोजी रेल्वे संपाची हाक देण्यात आली. ती निष्फळ ठरली. अनेक प्रांतांत पक्षावर बंदी आली, हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले आणि मतभेद व्यक्त करणाऱ्यांवर शिस्तभंगाची कारवाई झाली. १९४८ मध्ये सुमारे ८९ हजार असलेली सभासदसंख्या दोन वर्षांत सुमारे २० हजारांवर आली.

हे धोरण बदलले ते खालच्या समित्यांच्या दबावामुळे नव्हे, तर जानेवारी १९५० मध्ये कॉमिन्फॉर्मच्या मुखपत्रात आलेल्या एका अग्रलेखामुळे. त्यानंतर मध्यवर्ती समितीची पुनर्रचना होऊन सी. राजेश्वर राव आणि १९५१ मध्ये अजय घोष सरचिटणीस झाले. घोष, डांगे, राजेश्वर राव व बसवपुन्नय्या यांच्या शिष्टमंडळाने मॉस्को येथे स्टालिन यांची भेट घेतल्यानंतर पक्षाचा नवा कार्यक्रम तयार झाला. देशातील सभासदांपेक्षा परदेशातील अग्रलेखाचे वजन अधिक ठरावे, ही या पद्धतीतील सर्वांत मोठी उणीव या प्रसंगाने उघड केली.

अमृतसरची घटना व पक्षाची फूट : एप्रिल १९५८ मध्ये अमृतसर येथील विशेष महाधिवेशनाने पक्षाची नवी घटना संमत केली. केरळमध्ये १९५७ साली निवडणुकीच्या मार्गाने सत्तेवर आलेल्या पक्षाला भूमिगत काळातील संघटना अपुरी वाटू लागली होती. मध्यवर्ती समिती व पॉलिट ब्यूरो यांच्याऐवजी १०१ सदस्यांची राष्ट्रीय परिषद, २५ सदस्यांची केंद्रीय कार्यकारिणी आणि ९ सदस्यांचे सचिवालय अशी तीन स्तरांची रचना स्वीकारण्यात आली. ‘सेल’ हा मूळ घटक जाऊन त्याजागी ‘शाखा’ आली. निर्णयप्रक्रियेत अधिक सदस्यांना स्थान मिळावे, हा या बदलाचा हेतू होता. तथापि मंडळ विस्तृत झाल्याने मतभेद मिटले नाहीत. ते अधिक उघडपणे व्यक्त होऊ लागले एवढेच.

अजय घोष यांच्या निधनानंतर १९६२ मध्ये अध्यक्षपद नव्याने निर्माण करून डांगे यांना ते देण्यात आले व ई. एम. एस. नंबुद्रिपाद सरचिटणीस झाले. दोन प्रवाहांत तोल साधण्याचा हा प्रयत्न भारत-चीन संघर्षाच्या ताणापुढे टिकला नाही. मार्च १९६४ मध्ये, डांगे यांनी १९२४ साली तुरुंगातून ब्रिटिश शासनाला लिहिल्याचे सांगितले जाणारे पत्र प्रसिद्ध झाले. डांगे यांनी ते बनावट असल्याचे सांगितले. एप्रिलमध्ये राष्ट्रीय परिषदेच्या बैठकीत या प्रश्नाची चर्चा होताना त्यांनी अध्यक्षस्थानी बसू नये, अशी मागणी झाली. ती मान्य न झाल्याने ११ एप्रिल १९६४ रोजी ३२ सदस्य सभात्याग करून गेले. फुटीची मूळ कारणे वैचारिक होती. परंतु ज्याच्यावर आरोप आहे त्यानेच सभा चालवावी काय, या कार्यपद्धतीच्या प्रश्नावर ती प्रत्यक्षात घडून आली.

बाहेर पडलेल्या गटाने ऑक्टोबर–नोव्हेंबर १९६४ मध्ये कलकत्ता येथे महाधिवेशन भरवून मार्क्सवादी पक्षाची उभारणी केली व पॉलिट ब्यूरोची जुनी रचना पुन्हा स्वीकारली. पी. सुंदरय्या सरचिटणीस झाले. नऊ सदस्यांच्या या मंडळात रणदिवे हे एकमेव मराठी नेते होते; ते १९९० मध्ये मृत्यू येईपर्यंत पॉलिट ब्यूरोत राहिले. मूळ पक्षाने राष्ट्रीय परिषद, कार्यकारिणी व सचिवालय हीच रचना कायम ठेवली. अशा रीतीने एकाच परंपरेतील दोन पक्षांत सर्वोच्च समितीचे दोन भिन्न नमुने रूढ झाले. आणीबाणीला दिलेल्या पाठिंब्याबद्दल भारतीय कम्युनिस्ट पक्षाने १९७८ मध्ये आत्मटीका केली. काँग्रेसशी सहकार्याचा आग्रह न सोडणारे डांगे एकाकी पडले आणि १९८१ मध्ये त्यांना पक्षातून काढून टाकण्यात आले. जवळजवळ दोन दशके अध्यक्ष असलेल्या नेत्यालाही समितीच्या बहुमतापुढे संरक्षण उरत नाही, हे त्यावरून दिसून आले.

कोल्हापूरमधील स्वरूप : अखिल भारतीय मंडळांच्या तुलनेने जिल्हा पातळीवरील संघटना वेगळ्या पद्धतीने घडते. तेथे पद कमी व माणूस अधिक महत्त्वाचा ठरतो. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे गोविंद पानसरे (१९३३–२०१५) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अहमदनगर जिल्ह्यातील कोल्हार येथे जन्मलेले पानसरे शिक्षणासाठी कोल्हापुरात आले, १९५२ मध्ये पक्षाचे सभासद झाले व वकिली करीत असतानाच असंघटित कामगारांच्या संघटना त्यांनी बांधल्या. पुढे ते पक्षाचे राज्य सचिव झाले. तथापि त्यांचे कार्यक्षेत्र कोल्हापूरच राहिले. शिवाजी कोण होता? ही त्यांची पुस्तिका पक्षाच्या परिघाबाहेरही सर्वदूर वाचली गेली. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या व २० फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले.

शेतकरी कामगार पक्षाचे ना. ज्ञा. ऊर्फ एन. डी. पाटील (१९२९–२०२२) यांनीही आयुष्याचा मोठा काळ कोल्हापुरात राहून दीर्घकाळ पक्षाचे सरचिटणीसपद सांभाळले. एका निःस्पृह नेत्याच्या हाती संघटना दीर्घकाळ राहिल्याने पक्षाची नैतिक प्रतिष्ठा टिकली. परंतु मध्यवर्ती समित्यांच्या ठरावांनी निवडणुकीतील ओहोटी थोपविता आली नाही. कोल्हापूर शहरातील रस्त्यांवरील टोलच्या विरोधातील आंदोलनात पाटील व पानसरे हे दोघेही आघाडीवर होते. दोन पक्षांच्या वेगवेगळ्या कार्यकारिणींना जे ऐक्य साधता आले नव्हते, ते स्थानिक कृती समितीत सहज साधले गेले.

मूल्यमापन : पॉलिट ब्यूरोच्या रचनेचे गुण व दोष एकाच मुळातून उद्भवतात. लहान, एकजिनसी व पूर्णवेळ काम करणारे मंडळ संकटकाळात त्वरित निर्णय घेऊ शकते, दडपशाहीतही संघटना टिकवू शकते आणि व्यक्तीऐवजी समितीला उत्तरदायी ठरवू शकते. उलट, निवडणाऱ्यांची निवड वरूनच होऊ लागली, की त्याची चूक सुधारणारे कोणी उरत नाही. १९४१ व १९४८ चे निर्णय याची साक्ष देतात.

मार्क्सवादी पक्षाच्या नंतरच्या इतिहासात खालच्या समित्यांनी आपले अधिकार वापरल्याची उदाहरणेही आढळतात. १९९६ मध्ये ज्योती बसू यांना पंतप्रधानपद देऊ करण्यात आले, तेव्हा बसू व सरचिटणीस हरकिशनसिंग सुरजित हे अनुकूल असतानाही मध्यवर्ती समितीने बहुमताने नकार दिला. बसू यांनी या निर्णयाला ऐतिहासिक घोडचूक म्हटले, तथापि तो पाळला. जानेवारी २०१८ मध्ये मध्यवर्ती समितीने सरचिटणीस सीताराम येचुरी यांचा मसुदा ५५ विरुद्ध ३१ मतांनी नाकारला; परंतु एप्रिलमध्ये हैदराबाद येथील महाधिवेशनाने समितीच्या ठरावात दुरुस्ती करून दोन्ही बाजूंत समन्वय साधला. प्रतिनिधित्वाच्या बाबतीत बदल संथ आहे. या पक्षाच्या पॉलिट ब्यूरोत पहिली स्त्री सदस्य वृंदा कारत २००५ मध्ये आल्या. महाराष्ट्रातील अशोक ढवळे २०२२ मध्ये व मरियम ढवळे २०२५ मध्ये या मंडळावर निवडून आल्या. मध्यवर्ती समितीच्या सदस्यांसाठी पंचाहत्तर वर्षांची वयोमर्यादाही २०२२ पासून लागू झाली.

घटनेतील तरतुदी सर्वत्र जवळजवळ सारख्याच असूनही मॉस्को, कलकत्ता व हैदराबाद येथील अनुभव भिन्न ठरले. महाधिवेशन नियमित भरते की नाही, मतमोजणी होते की नाही आणि अल्पमतात गेलेल्या सभासदाला संघटनेत सुरक्षितपणे राहता येते की नाही, या तीन गोष्टींवर सर्वोच्च समितीचे खरे स्वरूप अवलंबून असते.